गट नंबर बाराचा तेरा कसा होतो? डेटाबेसच्या व्ह्यूमध्ये मजकुराचे रकाने जोडताना

सेनगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याला जमीन कुठली म्हणून विचारलं, तर तो 'गट नंबर बाराबटे एक' असं एका दमात सांगतो. सातबारावरही गट क्रमांक आणि उपविभाग शेजारीशेजारी छापलेले असतात. पण अशा नोंदींचा डेटाबेस बनवताना या दोन गोष्टी सहसा दोन रकान्यांत ठेवतात, कारण उपविभाग कधी '१' असतो, कधी '१/अ', तर कधी नसतोच. यादी दाखवायची वेळ आली की ते जोडावे लागतात आणि त्यासाठी व्ह्यू लिहितात.

व्ह्यू म्हणजे नाव देऊन ठेवलेली क्वेरी. साध्या व्ह्यूमध्ये स्वतःचा डेटा नसतो. तो उघडला की मूळ टेबलांतून ओळी येतात. त्यामुळे मूळ नोंद बरोबर असूनही व्ह्यूमधली यादी चुकू शकते, आणि लोकांना दिसते ती यादीच.

पहिली गफलत अधिक चिन्हाची. मायएसक्यूएलमध्ये हे चिन्ह फक्त बेरीज करतं. गट १२, उपविभाग १ यांचं उत्तर १३, म्हणजे दुसऱ्याच कुणाचं शेत. (अंक देवनागरीत टाइप केले असतील तर उत्तर शून्य, कारण त्याला ते अंक वाटतच नाहीत.) एसक्यूएल सर्व्हर दोन्ही रकाने मजकुराचे असतील तर जोडतो, पण एक जरी पूर्णांकाचा असला तर बेरीज करायला जातो आणि '१/अ' समोर आलं की एरर देतो. म्हणून आधी कास्ट वापरून दोन्हींचा मजकूर करून घ्यावा. मध्ये तिरकी रेघही हवीच. नाहीतर गट १२ उपविभाग ११ आणि गट १२१ उपविभाग १, दोन्ही '१२११' दिसतील.

याहून वाईट प्रकार रिकाम्या रकान्याचा. डेटाबेसमध्ये 'नल' म्हणजे कोरी जागा नव्हे, तर 'माहीत नाही'. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव असे तीन रकाने जोडले आणि मधला नल असला, तर मायएसक्यूएलच्या कॉन्कॅटमध्ये आणि पोस्टग्रेसच्या दोन उभ्या रेघांच्या जोडणीत अख्खं नावच नल होतं. एरर येत नाही. एखाद्या खातेदार बाईच्या मधल्या नावाची नोंद राहिली असेल, तर यादीत तिच्या जागी काहीच दिसणार नाही. माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच, कारण ती आवाज करत नाही.

यावर कॉन्कॅट_डब्ल्यूएस हे फंक्शन उत्तम. ते नल वगळतं आणि उरलेल्यांमध्येच विभाजक घालतं. मात्र रकान्यात नलऐवजी रिकामा मजकूर असेल तर ते फसतं आणि '१२/' अशी लोंबती रेघ उरते. आधी नलइफ लावून रिकाम्या मजकुराचा नल करून घेतला की काम होतं. ऑरॅकलचा नियम आणखी वेगळा: तिथे रिकामा मजकूर म्हणजेच नल, आणि दोन उभ्या रेघांनी जोडताना तो नुसता वगळला जातो.

मराठीसाठी लांबीचाही प्रश्न आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. 'सेनगाव' हा शब्द ६ चिन्हांचा, म्हणजे १८ बाइटचा. मायएसक्यूएलमध्ये एका गटाच्या सर्व खातेदारांची नावं ग्रुप_कॉन्कॅटने एका ओळीत आणली, तर मूळ मर्यादा १०२४ बाइटची असते. इंग्रजीत हजारभर अक्षरं मावतात, मराठीत जेमतेम ३४१ चिन्हं. सामाईक खातं मोठं असलं की शेवटचे वारस कापले जातात. फार तर एक इशारा येतो, आणि तो कुणी वाचत नाही. ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन ही सेटिंग आधीच वाढवून ठेवावी. एसक्यूएल सर्व्हरमध्ये देवनागरीसाठी एनव्हारचार घ्यावा, नाहीतर नावांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांना एक अडचण नंतर कळते. व्ह्यूमधल्या रकान्याचा प्रकार 'क्रिएट ऑर रिप्लेस'ने बदलता येत नाही, आणि व्ह्यू ज्या रकान्यावर उभा आहे त्याचाही प्रकार बदलू देत नाही. व्ह्यू काढून पुन्हा बनवावा लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी जोडलेल्या रकान्याला कास्ट करून 'टेक्स्ट' ठरवून टाकावं.

आणि व्ह्यू नीट जमल्यावर यादी एक्सेलमध्ये उघडणार असाल, तर तो रकाना आधीच टेक्स्ट म्हणून निवडा. एक्सेलला १२/१ ही तारीख वाटते.