बोंडअळीची जात बदलली, माणसाची का बदलत नाही?



विहारातल्या अभ्यासवर्गात आम्ही एकदा उत्क्रांतीचा विषय घेतला. 'माकडापासून माणूस झाला' यापलीकडे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. मागे बसलेला एक पोरगा म्हणाला, "दादा, हे लाखो वर्षांपूर्वीचं झालं. आपल्या इथं कोणी पाह्यलं?" आम्ही विचारले, "तुमच्या वावरात बीटी आहे ना? अळी मरते काय?" तो हसला. "आता कायची मरते!"

मित्रांनो, उत्क्रांती पाहिलेला माणूस यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी आहे. फक्त त्याला त्या गोष्टीचे नाव कोणी सांगितलेले नाही. म्हणून आधी अळीचा इतिहास पाहू.

गुलाबी बोंडअळी आपल्याकडे नवी नाही. भारतातून मिळालेल्या नमुन्यांवरून १८४३ मध्ये सॉन्डर्स या इंग्रज अभ्यासकाने तिचे शास्त्रीय वर्णन केले. डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीसीज' १८५९ चा, म्हणजे त्यानंतर १६ वर्षांनी आलेला. ही अळी बोंडात शिरते आणि आत बसून सरकी खाते. वरून बोंड साबूत दिसते. आत गेलेल्या अळीला फवारणी पोहोचत नाही. फुलावर आली की डोमकळी होते, हे आपल्या कास्तकाराला चांगले माहीत आहे.

मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने बीटी कापसाला परवानगी दिली. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक कापसात घातला, त्यामुळे झाडातच अळीला मारणारे प्रथिन तयार होऊ लागले. २००६ मध्ये दोन प्रथिनांचे बियाणे आले. सुरुवातीला बोंडअळी खरोखरच कमी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण २०१० मध्ये कंपनीनेच कबूल केले की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बियाण्याला दाद देत नाही. पुढे दुसरेही निष्प्रभ झाले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातला कापूस तिने पोखरून टाकला.

गावात म्हणतात, "अळीला सवय झाली." इथेच खरी गोम आहे. सवय एकेका जिवाला होते. बीटीचे पान खाणारी साधी अळी मरतेच, तिला सवय लावून घ्यायला वेळच मिळत नाही. पण हजारो अळ्यांत एखादी जन्मतःच थोडी वेगळी असते. तिच्या आतड्यातले जे प्रथिन विषाला धरून ठेवते, तेच बदललेले असते. विष तिला लागत नाही. बाकीच्या मेल्या, ती उरली. तिचा पतंग झाला, अंडी घातली, पिल्ले तिच्यासारखी निपजली. एका हंगामात अशा कितीतरी पिढ्या होतात. काही वर्षांत वावर त्यांचेच झाले. एकही अळी बदलली नाही, अळ्यांची वस्ती बदलली. डार्विनने ज्याला नैसर्गिक निवड म्हटले ती हीच. नवी प्रजाती अजून झालेली नाही, हे खरे. पण प्रजाती बदलते ती याच वाटेने, थोडीथोडी, पिढ्यानपिढ्या.

हे होणार हे शास्त्रज्ञांना आधीच माहीत होते. म्हणून तर बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाण्याचे पाकीट दिले जायचे. कडेने साधा कापूस लावा, तिथे साध्या अळ्या जगू द्या. त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी जुळले की पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडते, असा तो हिशोब होता. पण तीन-चार एकरांच्या कास्तकाराने कर्ज काढून घेतलेल्या जमिनीचा तुकडा अळीला का सोडावा, हे त्याला त्याच्या भाषेत समजावले कोणी? त्यात आपल्याकडचे संकरित बियाणे दीर्घ मुदतीचे, वर फरदड घेण्याची पद्धत. अळीला महिनोन्‌महिने जेवण मिळत राहिले. अमेरिकेतल्या ॲरिझोनात बीटी होते आणि अळीही हीच होती. तिथे शेतकऱ्यांनी साध्या कापसाचे पट्टे पाळले, पुढे वंध्य पतंग सोडण्याची सरकारी मोहीम झाली. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने देशातल्या कापसातून ही अळी संपल्याचे जाहीर केले. अळी तीच होती. फरक व्यवस्थेत होता.

आपल्याकडे काय झाले? २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसे मेली. शेकडो दवाखान्यात दाखल झाली. त्या फवारणीमागे एकटी बोंडअळी नव्हती, रस शोषणाऱ्या किडीही होत्या. पण कीड औषधाला जुमानत नाही म्हणून आणखी औषध, दोन-तीन औषधांचे मिश्रण, जोराचा पंप, हा प्रकार सगळीकडे सारखाच. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, अंगावर साधा सदरा, तोंडाला दुपट्टा. पाठीवर पंप कोणाच्या होता? लहान कास्तकाराच्या आणि रोजंदारीच्या मजुराच्या. मजूर म्हटले की आपल्या जिल्ह्यात बौद्ध, आदिवासी, भटके-विमुक्त ही घरे आलीच.

आणि त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०१८ मध्ये, याच महाराष्ट्रात औरंगाबादला केंद्रातले शिक्षण खात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही. देशभरच्या शास्त्रज्ञांनी निषेध केला. तरी २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. तो तिथेच राहिला पाहिजे.

यांना डार्विनची अडचण का होते? कारण ब्रह्माच्या मुखातून एक आणि पायातून दुसरा, ही कथा टिकायची तर सगळे जसे घडवले तसेच राहिले पाहिजे. काही जण चलाखीने म्हणतात, दशावतार म्हणजेच उत्क्रांती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त या मत्स्य-कच्छ-वराहाची आणि ब्रह्माच्या मुखाची चिरफाड करून ठेवली आहे. ती वाचा.

आपल्या भाषेत कापसाची जात असते, गाईची जात असते आणि माणसाचीही 'जात' असते. शब्द एक असल्यामुळे डोक्यात गोंधळ होतो. हा गोंधळ बुद्धाने सोडवला होता. सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात तो दोन ब्राह्मण तरुणांना सांगतो की गवत, झाडे, किडे-पतंग, पशुपक्षी यांच्यात जातीजातींची वेगळी चिन्हे जन्मतः दिसतात, माणसामाणसांत तशी दिसत नाहीत. बुद्धाला उत्क्रांती माहीत होती असा दावा आम्ही करत नाही. तसले दावे दशावतारवाल्यांना लखलाभ. पण प्रश्न त्याने बरोबर विचारला होता.

बाबासाहेबांनी तोच प्रश्न आधुनिक शास्त्राच्या आधारे विचारला. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये वंशशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये तर डोक्या-नाकाची मोजमापे घेऊन वंशभेदाचा सिद्धांत खोडला.

एक सावधगिरी हवी. 'जो लायक तो जगतो' असे म्हणून काही लोक आरक्षणाला विरोध करतात आणि डार्विनचे नाव सांगतात. बोंडअळी टिकली म्हणून ती श्रेष्ठ झाली काय? ती फक्त त्या विषात टिकली. परिस्थिती बदलली की लायकी बदलते. आणि माणसाची परिस्थिती माणूस बदलू शकतो. बाबासाहेबांनी संविधानातून तेच केले.

तेव्हा कामे तीन. विहारात दहावीचा तो धडा बोंड हातात घेऊन शिकवा. फवारणीला जाणाऱ्या मजुराला संरक्षक कपडे, हातमोजे, चष्मा मिळालाच पाहिजे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचे नियम तसे सांगतात, ते ग्रामसभेत मांडा. आणि 'जात नाही ती जात' असे कोणी म्हटले, तर त्याला वावरात न्या आणि अळी दाखवा. निसर्गातली जातसुद्धा कायम नाही. माणसाने बनवलेली जात कायम कशी राहील?

जय भीम, जय विज्ञान!