मस्कीचे फ्लाय : प्रस्तावना

ट्राउटच्या मासेमारीत हयात घालवलेला माणूसही मस्कीचा फ्लाय पहिल्यांदा हातात घेतो तेव्हा हसतो. नखाएवढ्या गळावर दोन पिसं आणि दोऱ्याचे चार वेढे, ही त्याची फ्लायची कल्पना. आणि इथे समोर फूटभर लांबीचा, केसाळ, चमकत्या झिरमिळ्यांचा ऐवज. थट्टा वाटावी असाच. पण ज्याच्यासाठी तो बांधला जातो तो मासाही साधासुधा नाही. मस्कलंज, सगळ्यांच्या तोंडी नुसता मस्की: ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स, वरची मिसिसिपी आणि ओहायो यांच्या खोऱ्यांत राहणारा, पाइकच्या कुळातला सगळ्यांत मोठा शिकारी. विस्कॉन्सिनने १९५५ मध्ये त्याला राज्यमासा केलं. मिनेसोटात बहुतेक तलावांवर ५४ इंचांहून आखूड मस्की घरी नेता येत नाही, आणि त्याहून लांब मिळाला तरी हल्ली हौशी मंडळी तो बहुधा पाण्यात परत सोडतात. ‘दहा हजार फेकींचा मासा’ असं त्याला म्हणतात. हा आकडा कुणी मोजून काढलेला नाही. पण पहिला मस्की गळाला लागेपर्यंत त्यावर वाद घालायची उमेद कुणात उरत नाही.

त्या फेकींच्या टोकाला काय बांधावं, एवढाच या पुस्तकाचा विषय. नवशिक्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रंग कोणता घेऊ? दुकानदारही त्याच प्रश्नाची वाट पाहत बसलेला असतो, कारण रंगांना अंत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. रंगाचा नंबर चौथा. ओढ थांबवल्यावर हा फ्लाय काय करतो, तो पाणी किती ढकलतो आणि संध्याकाळपर्यंत तो फेकताना आपला खांदा शाबूत राहील का, हे तीन प्रश्न त्याच्या आधीचे.

पाणी ढकलण्याचं महत्त्व माशाच्या अंगातच लिहिलेलं आहे. मस्की उलटा करून जबड्याच्या खालची बाजू पाहिली तर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं दिसतात, प्रत्येक बाजूला सहा ते नऊ. पाइकला ती पाच किंवा त्याहून कमी असतात, म्हणून दोघांची ओळख पटवायला जाणकार तिथेच पाहतात. ही छिद्रं माशाच्या पार्श्वरेषेच्या यंत्रणेचा भाग आहेत. पाण्यातली बारीकशी हालचालही तिच्यामुळे माशाला अंगावर जाणवते. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातले जॉन न्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मस्कीच्या झडपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं ते असं: नजर बंद केलेला मस्की भक्ष्याच्या मागे दबकत सरकत नाही, पण भक्ष्य अगदी जवळ आलं की झडप मात्र घालतो. म्हणजे दुरून हेरणं आणि दबा धरणं हे मुख्यतः डोळ्यांचं काम, आणि शेवटच्या वीतभर अंतरात पार्श्वरेषाही कामाला लागते. फ्लायला म्हणूनच दोन परीक्षा द्याव्या लागतात. दुरून त्याची आकृती भरीव दिसली पाहिजे, आणि जवळ आल्यावर त्याने पाणी हलवलं पाहिजे. फक्त चमकणारा फ्लाय पहिलीत पास होतो आणि दुसरीत गळतो.

मात्र बरेच मस्की हुकतात ते या दोन्ही परीक्षांच्या मधल्या क्षणी, फ्लाय थांबतो तेव्हा. मस्की भक्ष्याला सहसा आडवा धरतो आणि मग फिरवून डोक्याकडून गिळतो. त्यामुळे सरळ रेषेत पळणाऱ्या फ्लायमागे तो नुसताच चालत येतो, होडीपर्यंत येतो, आणि आपल्याकडे एक नजर टाकून खोल निघून जातो. फ्लायचं डोकं जाड आणि शेपूट सडपातळ असेल तर ओढ थांबताच डोकं अडतं, मागचं अंग मात्र वेगात असतं, आणि सगळा फ्लाय बाजूला वळून आपली कूस दाखवतो. घास त्याच क्षणी पडतो. फ्लाय विकत घ्यायचा असेल तर तो दुकानात हातावर तोलून काही कळत नाही. धक्क्याशी उथळ पाण्यात दोन-चार वेळा ओढून पाहावा. थांबल्यावर तो नुसता सरळ बुडत असेल तर कितीही देखणा असला तरी परत ठेवावा.

आता खांद्याचं. फ्लायच्या मासेमारीत आमिषाचं वजन फेकायचं नसतं. वजन लाइनचं असतं, फ्लाय तिच्यामागे हवेतून ओढला जातो. दहा ते बारा नंबरचा रॉड आणि जड बुडती लाइन घेतली तरी फूटभराचा फ्लाय हवेला जो अडथळा करतो तो चुकत नाही. त्यात फ्लायने पाणी शोषलं तर विचारूच नका. सशाच्या कातड्याची पट्टी पाण्यात सुंदर सळसळते, पण भिजली की ती फेकणाऱ्याचा सूड घेते. मस्कीच्या फ्लायची सगळी कारागिरी या एका पेचातून जन्माला आली आहे: पाण्यात मोठा दिसेल, हवेत लहान होईल, असा फ्लाय बांधायचा कसा?

याचं सगळ्यांत सुरेख उत्तर न्यू जर्सीच्या बॉब पॉपोविक्स यांनी दिलं, तेही मस्कीसाठी नव्हे, समुद्रकिनाऱ्यावरच्या स्ट्राइप्ड बाससाठी. त्यांचा हॉलो फ्लाय बांधताना बघण्यासारखा असतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे केस, म्हणजे बकटेल, गळावर उलटे बांधायचे, टोकं पुढे, गळाच्या डोळ्याकडे. मग पेनाची रिकामी नळी डोळ्यावरून सरकवून ते सगळे केस मागे लोटायचे आणि त्यांच्यापुढे दोऱ्याचा छोटा बांध घालायचा. केस मागे झोपत नाहीत, शंकूसारखे उभे राहतात. आतून जवळपास पोकळ, बाहेरून भरदार. पाण्याबाहेर काढून एक झटका दिला की पाणी निथळतं आणि केस मिटतात. थोडक्या केसांत एवढा आकार देणारी युक्ती मस्कीवाल्यांनी उचलली नसती तरच नवल.

बाकीचे पूर्वजही कुठून कुठून आलेले. लेफ्टी क्रे यांचा डिसिव्हर चेसापीकच्या खाडीतला. लॅरी डालबर्ग यांचा डायव्हर कातरलेल्या हरणाच्या केसांच्या डोक्यामुळे पाण्यात डुबकी मारतो आणि ओढ थांबली की वर येतो. व्हर्जिनियाच्या ब्लेन चॉकलेट यांच्या गेम चेंजरला तर कणाच आहे: सांध्यांनी जोडलेले लहान-मोठे दांडे, त्यामुळे सगळं अंग लहरत पोहतं. १९९१ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने फ्लायची पाच तिकिटं काढली. त्यांत डिसिव्हर होता आणि सामन माशासाठीचा जुना जॉक स्कॉटही. या जॉक स्कॉटच्या गालावरची मेणचट ठिपक्यांची पिसं राखी रानकोंबड्याच्या मानेवरची, म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवणाऱ्या पक्ष्याची. व्हिक्टोरियन काळात ती भारतातून भरभरून गेली. आता आपल्याकडे हा पक्षी कायद्याने संरक्षित आहे. मस्कीच्या फ्लायला तो लागत नाही, त्यावर प्लास्टिकचे डोळे चिकटवतात. पण फ्लायच्या इतिहासात सह्याद्रीची नोंद आहे, हे मराठी वाचकाला माहीत असावं असं वाटलं.

रंगाबद्दल थोडक्यात. उत्तर विस्कॉन्सिनमधलं बरंचसं पाणी दलदलीतून येतं आणि कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं. तिथे निळा प्रकाश लवकर विरतो, म्हणून नारिंगी, तांबूस, सोनेरी रंग उठून दिसतात. स्वच्छ पाण्यात पांढरा आणि राखाडी. उजेड मंद असेल तर काळा, कारण आभाळाच्या पार्श्वभूमीवर त्याची आकृती सगळ्यांत ठळक. यापलीकडचा वाद हिवाळ्यात शेकोटीशी बसून घालायला चांगला. आकाराचं मात्र नीट पाहावं. वसंतात, अंडी घालून झाल्यावर, सहा-आठ इंचांचा फ्लाय पुरतो. शरदात मस्की सिस्कोसारख्या मोठ्या माशांमागे लागतो, तेव्हा बारा-चौदा इंचही जास्त नाहीत. भर उन्हाळ्यात पाणी २७ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की कोणताच फ्लाय निवडू नये. त्या पाण्यात झुंजवलेला मासा सोडला तरी बरेचदा जगत नाही.

फ्लायची शेवटची कसोटी होडीच्या कडेला लागते. पाठलाग करत आलेल्या मस्कीसमोर फ्लाय पाण्याबाहेर काढायचा नाही. रॉडचं टोक पाण्यात खुपसून इंग्रजी आठचा आकडा काढायचा, मोठा, रुंद, वळणावर थोडा वेग वाढवून. इथे लाइन फार उरत नाही, ओढ नाही, थांबा नाही. फ्लाय नुसता वळणावर कसा वागतो ते दिसतं. लांब शेपटीची पिसं गळाभोवती गुंडाळत असतील तर इथेच कळेल, आणि समोरचा मासा पाहत असताना कळेल. म्हणून बांधताना शेपटीच्या मुळाशी केसांचा एक ताठ झुबका हवा. आणि गळाच्या वाकाची जागा मोकळी. सहा-शून्य आकाराचा गळ घेतला आणि त्याच्या पोटात केस कोंबले तर टोक जबड्यापर्यंत पोहोचतच नाही. घास लागला की रॉड वर उचलायचा नाही, लाइन हातानेच जोरात मागे खेचायची. ट्राउटवाल्यांना रॉड उचलायची सवय मोडायला फार जड जातं. फ्लायच्या पुढे वीतभर तार किंवा जाड फ्लुओरोकार्बन, नाहीतर दात आपलं काम करतात.

मिनियापोलिस, शिकागो, टोरांटोच्या परिसरात राहणाऱ्या आणि कुतूहलाने हे पान उघडलेल्या वाचकाला सुरुवातीला तीनच फ्लाय सुचवेन: एक काळा हॉलो, एक पांढरा-राखाडी डिसिव्हर आठेक इंचांचा, आणि हरणाच्या केसांच्या जाड डोक्याचा एक नारिंगी. पहिल्या प्रकरणात यांतला काळा बांधायला घेऊ. त्यासाठी बकटेल विकत घेताना लांब केसांची निवडावी, आणि बुडख्याकडचे, जास्त पोकळ केस वेगळे काढून ठेवावेत. डोक्यासाठी तेच लागतील.