पितळी पातेल्यातले दूध

यकृताचा जुनाट आजार झालेले मूल पाहिले की पहिली शंका उपासमारीची येते. हातापायांच्या काड्या, पोट तेवढे पुढे. पित्त आतड्यात पुरेसे उतरत नाही. मग स्निग्ध पदार्थ पचत नाहीत आणि त्यांच्याबरोबर शोषली जाणारी अ, ड, ई व के जीवनसत्त्वेही वाया जातात. के कमी पडले की रक्त लवकर गोठत नाही, ड कमी पडले की हाडे मऊ होतात. ही कमतरता खरीच. पण ती आजाराचे कारण, की परिणाम?

लहानग्यांच्या 'भारतीय बालसिरॉसिस'ने हा प्रश्न फार काळ अडवून धरला. 1887 साली कलकत्त्यात सेन यांनी त्याचे वर्णन केले. पुढे प्रथिनांची उणीव, विषाणू, अगदी आपल्या जळगाव-धुळ्याकडे पिकणाऱ्या भुईमुगावरच्या बुरशीचे विषही संशयित ठरले. मुले मात्र बहुधा काही महिन्यांतच दगावत.

1979 साली या मुलांच्या यकृतात भलतेच तांबे आढळल्याचे प्रसिद्ध झाले. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या ऊतीत ते साधारण 50 मायक्रोग्रॅमहून कमी असते. इथे 800 च्याही वर! तांबे हे तर पोषकद्रव्य. म्हणजे उणीव नव्हे, अतिरेक. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी मग चौकशी केली ती स्वयंपाकघराची. दूध कोणते, कितव्या महिन्यापासून, कशात तापवता? गाई-म्हशीचे दूध, फार लवकर सुरू केलेले आणि पितळी भांड्यातले, असा धागा 1983 पासून पुढे आला.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कथलाची कल्हई शाबूत असेल तर दूध धातूला भिडत नाही. ती उडाली की दुधातले केसीन तांबे धरून ठेवते. बाळ जन्मतःच यकृतात तांब्याची शिदोरी घेऊन येते, कारण आईच्या दुधात ते थोडेच असते. त्या भरल्या कोठारात आम्ही मायेने आणखी ओतत होतो.

त्याच पातेल्यातले दूध पिऊन इतर मुले धडधाकट कशी राहिली? आनुवंशिकतेचा वाटा असावा, असे मानतात. ऑस्ट्रियातील टायरॉल भागातही 1900 ते 1974 या काळात 138 बाळांना असाच आजार झाला होता. तिथेही दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापे. आपल्याकडे पितळी भांडी टाळण्याचा सल्ला दिला गेला, स्टीलही घरोघरी आले आणि 1990 च्या दशकात हा आजार दुर्मिळ झाला.