श्वान, पण कुत्रा नव्हे

बेल्जियममध्ये लूव्हेनला पोस्टडॉक म्हणून रुजू झाले, त्या आठवड्यात आईने फोनवर विचारलं, "नक्की कशावर काम करणार आहेस गं?"

"श्वान पेशींवर."

"कुत्र्यांच्या?"

नाही. थिओडोर श्वान हा जर्मन शास्त्रज्ञ. पण त्याच्या कहाणीत कुत्रीही आहेत.

त्याचा जन्म १८१० चा, नॉइस गावचा. बर्लिनला असताना १८३६ मध्ये त्याने जठरातलं पेप्सिन शोधलं. प्राण्यांची शरीरंही वनस्पतींसारखी पेशींचीच बनलेली असतात, हे त्याने १८३९ च्या पुस्तकात मांडलं. मज्जातंतूंभोवतीच्या ज्या पेशींना आज त्याचं नाव आहे, त्यांचं वर्णनही त्यातच आहे. त्याच वर्षी तो लूव्हेनला प्राध्यापक झाला.

इथे त्याने वेगळाच प्रश्न हाती घेतला. पित्त हे नुसतं टाकाऊ द्रव्य, की जगायला आवश्यक? त्याने कुत्र्यांचं पित्त आतड्यात जाऊ न देता पोटाबाहेर काढण्याची वाट केली. बहुतेक कुत्री रोडावून मेली. पित्त आवश्यकच आहे, हा निष्कर्ष त्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध केला.

जानेवारी १८८२ मध्ये श्वान वारला. त्याच वर्षी १५ जुलैला बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुखने प्रथमच एका रुग्णाचं अख्खं पित्ताशय काढलं.

श्वानचे मज्जातंतू आणि पित्त हे दोन विषय पुढे रुग्णाच्या पोटात एकत्र आले. पित्ताशयाच्या आणि पित्तनलिकांच्या भिंतीत बारीक मज्जातंतूंचं जाळं असतं. फार क्वचित त्यातल्या श्वान पेशी वाढून गाठ होते, तिला श्वानोमा म्हणतात. दुसऱ्या प्रकारची गाठ लांगेनबुखच्या शस्त्रक्रियेमागून आली. पित्ताशय काढताना तुटलेले मज्जातंतू पुन्हा वाढू पाहतात, त्यांना वाट सापडत नाही आणि तिथेच गुंता होतो. तो कधी कधी अनेक वर्षांनी पित्तनलिका आवळतो.

दोन्ही गाठी कर्करोगाच्या नसतात. पण रुग्णाला कावीळ होते आणि स्कॅनवरचं चित्र पित्तनलिकेच्या कर्करोगासारखं दिसतं. सर्जनला थांबण्याची जोखीम घेता येत नाही. बहुतेकदा मोठी शस्त्रक्रिया होऊन जाते आणि खरं काय ते नंतर सूक्ष्मदर्शकाखाली कळतं.

तिथे काय पाहायचं, हे उरुग्वेत जन्मलेल्या आणि प्रागमध्ये काम करणाऱ्या होसे व्हेरोकायने १९१० मध्ये दाखवलं. श्वानोमात पेशींची केंद्रकं दोन समांतर रांगांत उभी राहतात आणि मधे मोकळा पट्टा राहतो. १९६५ मध्ये गाईच्या मेंदूतून एस-१०० हे प्रथिन वेगळं करण्यात आलं. श्वान पेशींतही ते भरपूर असतं, म्हणून आज त्याचा रंग देऊन खात्री करता येते.

हे सगळं ऐकून आई म्हणाली, "मग आधीच का नाही कळत?"

प्रश्न योग्य आहे. नलिकेत ब्रश घालून पेशी घेतात, त्या आतल्या अस्तराच्या असतात, आणि गाठ तर अस्तराखाली असते. शिवाय इतकी दुर्मीळ शक्यता पटकन कोणाच्या मनात येत नाही. म्हणूनच एकेका रुग्णाची नोंद छापणं मला महत्त्वाचं वाटतं. पुढच्या डॉक्टरला निदान संशय तरी येतो.

आईचं पित्ताशय बारा वर्षांपूर्वी काढलेलं आहे. कधी कावीळ झालीच, तर हे डॉक्टरांना आधी सांग, एवढं मी तिला बजावून ठेवलं आहे.