घरगुती तबकडीची दिशानिश्चिती : एक ऐतिहासिक टिपण

भारतातील उपग्रह-दूरचित्रवाणीचा इतिहास प्रायः उपग्रहांच्या प्रक्षेपणाच्या अंगाने लिहिला गेला आहे. जमिनीवरची तबकडी योग्य दिशेला वळविणारा हात त्यात क्वचितच दिसतो. वस्तुतः चित्र उमटणे त्या हातावरच अवलंबून होते. आणि तबकडी जसजशी लहान झाली, तसतशी त्याची परीक्षा अधिक कठीण झाली.

'साइट' प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झाला. त्यासाठी अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह ३५ अंश पूर्व रेखांशावर आणण्यात आला. सहा राज्यांतील (त्यांत महाराष्ट्र नव्हता) सुमारे २४०० खेड्यांत तारेच्या जाळीच्या, ३ मीटर व्यासाच्या तबकड्या बसविण्यात आल्या. भूस्थिर कक्षेतून दळणवळणाची कल्पना १९४५ साली मांडणाऱ्या आर्थर क्लार्क यांच्या कोलंबोतील निवासस्थानीही भारतीय अभियंत्यांनी एक तबकडी उभारून दिली होती. प्रक्षेपण ८६० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर तरंगलांबीचे असल्याने ३ मीटरच्या तबकडीचा ग्रहणकोन जवळजवळ ८ अंशांचा होता. दोन अंशांची चूक सहज खपून जाई.

घरगुती तबकडीला ही सवलत राहिली नाही. १९९७ मध्ये शासनाने बंदी घातलेल्या 'थेट घरापर्यंत' सेवेला २००० च्या अखेरीस परवानगी मिळाली आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची निःशुल्क 'डीडी डायरेक्ट प्लस' सुरू झाली. तबकडी ६० सेंटिमीटरची झाली खरी. परंतु तरंगलांबीही अडीच सेंटिमीटरवर आल्याने ग्रहणकोन अवघा ३ अंश उरला. शिवाय मासिक वर्गणी नसल्याने जोडणीची जबाबदारी बव्हंशी ग्राहकावर व गावच्या कारागिरावर पडली.

या अडचणीचे खरे स्वरूप २००७ मध्ये दिसले. ही सेवा ९५ अंशांवरील एनएसएस-६ वरून ९३.५ अंशांवरील इन्सॅट-४बी वर गेली. नकाशावर हे अंतर दीड अंशाचे. पण तेवढ्याने निम्म्याहून अधिक शक्ती गळते. मुंबईत तबकडी सुमारे १२९ वरून १३१ दिगंशावर, म्हणजे किंचित दक्षिणेकडे, वळवावी लागली. बोल्ट अर्धवट सैल करून, केसभर सरकवून, प्रत्येक वेळी बॉक्सला सावरण्यास क्षणभर अवसर द्यावा लागे. पडद्यावरील 'सिग्नल स्ट्रेंग्थ'ची पट्टी येथे फसवी ठरे, कारण शेजारच्या उपग्रहाचेही तरंग ती मोजते. अपेक्षित प्रक्षेपण सापडल्याची साक्ष 'क्वालिटी'च देते. तबकडी जवळजवळ उभी दिसते, हाही एक चकवा. ग्राहक-शीर्ष मध्यावरून खाली सरकवलेले असल्यामुळे तिची नजर भासते त्याहून सुमारे २५ अंश वर असते. मुंबईहून हा उपग्रह क्षितिजापासून तब्बल ५८ अंशांवर होता.

नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रक्षेपित झालेला जीसॅट-१५ मात्र ९३.५ अंशांवरच ठेवण्यात आला. त्यावर सेवा गेली तेव्हा बॉक्समध्ये वाहिन्यांचा नव्याने शोध घेणे पुरले. छतावर कोणाला चढावे लागले नाही.