संगणकीय अक्षरचित्रे : संग्रह आणि जतन

संगणकाच्या पडद्यावर केवळ अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि ठोकळेवजा चिन्हे मांडून काढलेल्या चित्रांना अक्षरचित्रे म्हणता येईल. त्यांचे दोन प्रकार प्रामुख्याने ओळखले जातात. आस्की चित्र त्याच नावाच्या प्रमाण संकेतावलीतील, रिकाम्या जागेसह, ९५ मुद्रणयोग्य चिन्हांवर भागते. अ‍ॅन्सी चित्रात रंग बदलण्याच्या व कर्सर हलवण्याच्या आज्ञा असतात. शिवाय १९८१ साली आयबीएम पीसीबरोबर आलेल्या ‘कोड पेज ४३७’ या २५६ चिन्हांच्या संचातील ठोकळे, छटा आणि दुहेरी रेषाही असतात.

टेलिफोनच्या तारेवर मोडेमने जोडल्या जाणाऱ्या बुलेटिन बोर्डांचे स्वागतपट सजवण्यासाठी ही कला वापरली गेली आणि १९९० च्या दशकात ती विशेष बहरली. ‘अ‍ॅसिड’ (१९९०) व ‘आइस’ (१९९१) हे त्यांतील गाजलेले गट. त्यांची चित्रे ‘आर्टपॅक’ नावाच्या झिप गठ्ठ्यांतून फिरत. बुलेटिन बोर्ड बहुधा कोणाच्या तरी घरातल्या संगणकावर चाले. तो बंद पडला की त्यावरचा ठेवाही जाई. जे वाचले ते मुख्यतः हौशी संग्राहकांमुळे. जेसन स्कॉट यांचा १९९८ पासूनचा ‘टेक्स्टफाइल्स’ संग्रह आणि आर्टपॅक वर्षवार लावून ठेवणारा ‘सिक्स्टीन कलर्स’ ही त्यांतील ठळक नावे.

अशा संग्रहाला जागा फारशी लागत नाही. बहुतेक फाइली काही किलोबाइटच्याच असतात. खरी अडचण ही की फाइल जशीच्या तशी राहूनही चित्र हरवू शकते. फाइलीत असतात ते केवळ क्रमांक. २१९ हा क्रमांक कोड पेज ४३७ मध्ये भरीव ठोकळा आहे, तर विंडोजच्या पश्चिम युरोपीय संचात तेच डोक्यावर टोपी असलेले ‘यू’ हे रोमन अक्षर आहे. युनिकोडपूर्व काळात ‘श्री-लिपी’त टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ज्यांनी उघडला असेल, त्यांना हा प्रकार परिचित आहे. त्या मजकुराचे निदान युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. अक्षरचित्रात मात्र चिन्हाचा आकार हाच आशय असतो. अमिगा संगणकावरील ‘टोपाझ’ फॉन्टवर बेतलेल्या चित्रांतील तिरप्या रेषा दुसऱ्या फॉन्टात तुटतात. जपानी शिफ्ट-जेआयएस चित्रे प्रत्येक चिन्हाची रुंदी वेगळी असलेल्या ‘एमएस पी गॉथिक’साठी रचलेली असल्याने समान रुंदीच्या फॉन्टात अक्षरशः घसरतात. अनेक अ‍ॅन्सी फाइलींत पूर्ण भरलेल्या ओळीनंतर ओळखंडच नसतो, कारण ८० व्या स्तंभानंतर पडदा आपोआप पुढच्या ओळीवर जाईल हे गृहीत धरलेले असते. रुंद खिडकीत असे चित्र विस्कटते.

यावरचा एक उपाय कलावंतांकडूनच आला. १९९४ साली अ‍ॅसिड गटात तयार झालेली ‘सॉस’ ही फाइलीच्या शेवटी जोडायची १२८ बाइटांची नोंद आहे. तीत शीर्षक, कलावंत, गट, दिनांक आणि स्तंभसंख्या बसते. पुढच्या आवृत्तीत फॉन्टचे नाव, अक्षराची रुंदी ८ की ९ बिंदू, पार्श्वभूमी लुकलुकणारी की उजळ, हेही नोंदवता येऊ लागले. डॉसचे फाइलसमाप्तीचे चिन्ह आधी असल्यामुळे ही नोंद पडद्यावर उमटत नसे. आजच्या संपादकात ती कचऱ्यासारखी दिसते आणि ‘साफसफाई’त कापली जाते, मग कलावंताचे नावही त्याबरोबर जाते. आस्की चित्रांच्या कोपऱ्यातील आद्याक्षरांचे नशीब याहून वेगळे नाही. नक्कल करणारे ती सर्रास पुसतात, आणि टोपणनावाने वावरलेल्या कलावंताचा तेवढाच पुरावा शिल्लक असतो.

म्हणून मूळ झिप गठ्ठा न बदलता ठेवणे आणि त्याची एसएचए-२५६ बेरीज नोंदवणे ही पहिली पायरी ठरते. गठ्ठ्यातील माहितीफाइल व सभासदयादी निरुपयोगी वाटली तरी काढू नये. कर्तृत्वाचे धागे तिथेच सापडतात. एफटीपीची मजकूर पद्धत किंवा गिटमधील ओळखंडांची आपोआप होणारी अदलाबदल बाइट बदलून टाकते, तेव्हा या फाइलींना द्विमान फाइलींप्रमाणेच वागवावे. यूटीएफ-८ प्रत हवी असल्यास ती स्वतंत्र करावी, मूळ फाइलीवर लिहू नये.

पाहण्यासाठी ‘अ‍ॅन्सीलव्ह’सारख्या मुक्त साधनाने पीएनजी प्रतिमा तयार करता येते. कोणता फॉन्ट व किती स्तंभ वापरले हे प्रतिमेसोबत नमूद असावे. तरीही प्रतिमा ही मूळ फाइलीची जागा घेऊ शकत नाही, विशेषतः हलत्या अ‍ॅन्सी चित्रांच्या बाबतीत. २४०० बिट प्रतिसेकंद वेगाच्या मोडेमवर सेकंदाला सुमारे २४० चिन्हे येत. ८० बाय २५ चा पडदा भरायला आठ सेकंदांहून अधिक लागत, आणि त्या संथपणावरच हालचाल रचलेली असे. आजच्या संगणकावर ती डोळ्यांआधी संपते व शेवटची चौकट तेवढी उरते. अशा चित्रांसाठी वेग मर्यादित ठेवणाऱ्या प्रदर्शकातून चित्रफीत नोंदवावी लागते, आणि तेव्हा कोणता वेग धरला हेही तिच्यासोबत लिहून ठेवावे लागते.