पहिला कोण चढला?

आमच्या चिरंजीवांनी किल्ला करायला घेतल्याचं सौ.ने सांगितलं, तेव्हा मला भरून आलं. दिवाळी तीन आठवड्यांवर होती. माती कुठून आणायची, पोती कुणाकडे मागायची, अळीव घरात आहेत की नाहीत, इथपर्यंत माझा विचार गेला. मी बाह्या सरसावून त्याच्या खोलीत गेलो, तर किल्ला कॉम्प्युटरवर!

"माती नको बाबा," तो मान न वळवता म्हणाला, "खाली ग्रॅनाइट लागलाय."

खेळाचं नाव 'ड्वार्फ फोर्ट्रेस'. टार्न आणि झॅक ॲडम्स नावाच्या दोन अमेरिकन भावांनी तो 2006 साली लोकांपुढे ठेवला. बरीच वर्षं त्यात धड चित्रंही नव्हती. पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं, आमच्या जुन्या लेजरसारखी. 2022 साली त्याची चित्रांची आवृत्ती निघाली. सात बुटके सामानसुमान घेऊन डोंगरापाशी येतात. तुम्ही त्यांच्याकडून डोंगर पोखरून घ्यायचा, भिंती बांधून घ्यायच्या आणि मग गॉब्लिन नावाचे राक्षस येऊन ते सगळं कसं मोडतात हे बघत बसायचं. गंमत म्हणजे प्रत्येक बुटक्याला नाव आहे. त्याला काय आवडतं, त्याचा दोस्त कोण, कशाचं दुःख झालं, सगळं नोंदलेलं. आमच्या स्टाफच्या सर्व्हिस फायलीत एवढी माहिती नाही.

2014 पर्यंत या खेळात भिंत म्हणजे भिंत होती. त्या वर्षी त्या दोन भावांनी सगळ्यांना चढायला शिकवलं आणि जगभरच्या गडकऱ्यांची झोप उडाली. आमच्या गडावरही तेच झालं. चिरंजीवांनी ओबडधोबड दगडांची झकास तटबंदी उठवली होती. गॉब्लिन आले, दरवाजा बंद बघून क्षणभर थबकले आणि सरळ भिंतीवरून आत उतरले.

मग मला नियम समजावून देण्यात आले. खडबडीत भिंतीला हाताला धरायला खाचा मिळतात, म्हणून ती चढता येते. डोंगराचा कडा तासून गुळगुळीत केला की चढता येत नाही. भिंतीच्या माथ्याला बाहेर आलेला कठडा असला तरी चढणारा तिथे अडकतो. चढण्याचं कसब सरावाने वाढतं. चढणं आणि उतरणं ही मात्र दोन वेगळी खाती आहेत. एखादा बुटका झाडावर चढतो आणि त्याला खाली येता येत नाही. वेळेवर झाड तोडलं नाही तर तो तिथेच उपाशी मरतो. बढती घेऊन आडगावच्या शाखेत गेलेले दोन-तीन चेहरे माझ्या डोळ्यांपुढे आले.

"कडा तासणं आपल्याकडे जुनंच आहे," मी म्हणालो. देवगिरीचा डोंगर सभोवार असा तासलाय की पाल घसरावी. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी आला, तेव्हा तो काही कड्यावरून चढला नाही. गडावर धान्य समजून नेलेल्या पोत्यांत मीठ निघालं, म्हणून रामदेवराव शरण आले, असं सांगतात. गोदामातला माल पोतं उघडून तपासावा, हे मी ट्रेनिंगला आलेल्या पोरांना नेहमी सांगतो.

"मग तुमचा तानाजी कसा चढला? तो कडा रफ होता का?"

'तुमचा' हा शब्द मला लागला. तरी मी सांगायला लागलो. 4 फेब्रुवारी 1670 ची रात्र. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेला कोंढाणा, त्यावर उदेभान राठोड, आणि डोणागिरीच्या कड्याखाली तानाजी. त्याने यशवंती नावाची घोरपड काढली, तिच्या कमरेला दोर बांधला...

"बाबा, घोरपड किती किलोची असते? आणि माणूस?"

वजनाचा हिशेब कॉमर्सच्या पदवीधरालाही करता येतो. मी गप्प बसलो आणि रात्री कपाटातून सभासदाची बखर काढली. (प्रदर्शनात निम्म्या किमतीत मिळाली म्हणून घेतली होती, पानं फाडायची अजून बाकी होती.) कृष्णाजी अनंत सभासद महाराजांच्या पदरी होता आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याने हे लिहिलं. त्यात घोरपड नाही! ती पोवाड्यातली. सभासद लिहितो ते साधं आहे. दोन निवडक मावळे वानरांसारखे कडा चढून गेले, त्यांनी वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि तीनशे माणसं त्यावरून वर आली.

मी पान उलटून पाहिलं. पुन्हा मागे आलो. त्या दोघांची नावं नाहीत.

म्हणजे बघा, अंधारात, हाताखाली काय लागतंय हे न कळता, वर पहारा जागा आहे की नाही हे ठाऊक नसताना जे दोघे आधी गेले, ते निनावी. आणि जी बहुधा नव्हतीच, त्या घोरपडीचं नाव पोरापोराला पाठ! तानाजी मोठाच. तो माळेवरून वर गेला आणि तिथे मेला, त्याचं मोल कमी होत नाही. पण माळ बांधली कुणी?

त्या रात्री माझी झोप गेली. मग सवयच लागली. कुठल्या किल्ल्याची हकीकत दिसली की माझा पहिला प्रश्न, पहिला कोण? 1535 साली हुमायूनने गुजरातचा चांपानेर घेतला. गडावर चोरून धान्य आणि तूप पोचवणारी माणसं त्याला रानात दिसली, त्यांच्यावरून जागा कळली. रात्री खडकात सत्तर-ऐंशी लोखंडी खुंट्या ठोकून तीनशे जण चढले. अबुल फजलने तर रांगेतला क्रमांकही टिपून ठेवलाय. चाळिसावा बैरामखान, एकेचाळिसावा खुद्द बादशहा. पहिले एकोणचाळीस? 'इतर'. आमच्याकडे एवढी मोठी रक्कम 'इतर' खाली दाखवली तर ऑडिटर टेबलावर चढेल.

पुढे आपल्यावरच बाजी उलटली. ग्वाल्हेरचा किल्ला महादजी शिंद्यांकडे असताना 1780 च्या ऑगस्टात इंग्रजांच्या कॅप्टन पॉपहॅमने तो रात्री शिड्या लावून घेतला. आधी सोळा फुटांचा तासलेला कडा, मग चाळीस यार्डांचा चढ, मग तीस फुटांची भिंत. शिपायांच्या पायांत कापूस भरलेले लोकरी जोडे होते, घसरू नये आणि वाजू नये म्हणून. पॉपहॅमचं नाव राहिलं, पुढे असलेल्या कॅप्टन ब्रूसचं राहिलं. वाट दाखवली ती तिथल्या दरोडेखोरांनी. त्यांची नावं कोण लिहिणार?

आता एक घरगुती गोष्ट सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका शाखेत कॉम्प्युटर आले, तेव्हा जुनी लेजरं आत भरायला दोन कारकून तीन महिने रात्री दहापर्यंत बसत होते. उद्घाटनाची संगमरवरी पाटी अजून तिथे आहे. तिच्यावर फीत कापणाऱ्या साहेबांचं नाव आहे, हुद्द्यासकट. त्या दोघांपैकी एक मी. तुलना करत नाही. आम्ही खुर्चीवर बसून होतो, आणि पडलो असतो तर दीड फूट. पण सभासदाचं ते पान वाचताना मला ती पाटी आठवली, हे खरं.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं चिरंजीवांना सांगितलं, पाटीचं सोडून. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "यात बुटक्यांना आपल्याला हवं ते नाव देता येतं. दोघं चांगले चढणारे आहेत माझ्याकडे. काय नावं देऊ?"

मी बराच वेळ विचार केला. येसाजी, सूर्याजी, सगळी दुसऱ्यांची नावं.

"राहू दे," मी म्हणालो, "त्यांची आहेत तीच ठेव. आत्ता कुठे आहेत ते?"

त्याने यादी उघडली, नकाशा इकडेतिकडे सरकवला.

"एक तटावर आहे," तो म्हणाला. "दुसरा झाडावर अडकलाय."

"मग बघत काय बसलास? झाड तोड आधी!"